गेला का गेलता

देवळीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटर वायंडिंगचं एक दुकान आहे. खाली जळक्या तारांचा वास, वर टिनाच्या खोलीत इंग्रजीचं व्याकरण. उन्हाळ्यात ते टीन असं तापतं की फळ्यावर लिहिता लिहिता प्रफुल्ल ताकसांडेच्या शर्टाची पाठ भिजून जाते आणि तिच्यावर नकाशे उमटतात. मागच्या बाकावरचे पोट्टे हळूच म्हणतात, "आज आफ्रिका आली बे. काल नुसती श्रीलंका होती." प्रफुल्लला ते ऐकू जातं. तो न वळता म्हणतो, "भूगोलाची वेगळी फी नाई घेत मी. पाहून घ्या."

हा प्रफुल्ल आमच्या इकडचा. बाप नत्थू जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचलून उचलून वाकला. माय पंचफुला दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जायची. पोरगा इंग्रजी घेऊन बी.ए. झाला, बी.एड. झाला. शाळेत चिकटायचं तर संस्थेवाल्यांचं तोंड मोठं, आणि सरकारी भरती कधी निघायची, कधी कोर्टात अडकायची. मग त्यानं बँकेचे, तलाठ्याचे, लिपिकाचे, जे निघतील ते पेपर दिले. दर वेळी काठावर बुडाला. पाण्यात बुडालेला माणूस निदान ओला तरी होतो. हा कोरडाच बाहेर यायचा आणि पुढचा फॉर्म भरायचा. वय सरत आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पेपर देण्यापेक्षा पेपर समजावून सांगणं आपल्याला जास्त जमतं. तसा हा क्लास उभा राहिला. जाहिरात आली की खोलीत पाय ठेवायला जागा नसते. जाहिरात नसली की प्रफुल्ल आणि पंखा, दोघंच.

असल्या पेपरात इंग्रजी काही फार खोल नसतं. सारखे वाटणारे दोन शब्द समोर ठेवायचे आणि पोराला बनवायचं, एवढाच त्यांचा धंदा. प्रफुल्ल ते शब्द आपल्या बोलीत सोडवून द्यायचा. पुण्याच्या जाड्या गाईडात पानभर लिहिलेलं असतं, ते तो दोन वाक्यांत उरकायचा.

"फ्यू आन अ फ्यू. पाहुणा आला घरी, आन माय म्हणते, भाकरी हायेत दोन-चार. हे झालं अ फ्यू. पाहुण्यानं हात धुवा. आन माय म्हणते, भाकरी दोन-चारच हायेत. हे झालं फ्यू. पाहुण्यानं आपली चप्पल पाहा."

पोट्टे हसायचे. हसता हसता डोक्यात बसायचं.

पण त्याचा खास माल म्हणजे हॅज गॉन आणि हॅज बीन. शहरातले मास्तर यावर अर्धा तास घालवतात. प्रफुल्ल फळ्यावर दोनच शब्द लिहायचा: गेला, गेलता.

"मामा नागपूरले गेला. म्हणजे काय? गेला, तेथीच हाय, अजून आला नाई. हॅज गॉन. आन मामा नागपूरले गेलता. म्हणजे गेलता, फिरला, संत्री घेतली, आलाबी. चप्पल दारात हाय. हॅज बीन. बस, झालं. आपल्या बोलीले लोक गावंढळ म्हणतात ना, तिच्या एका 'ता'मध्ये इंग्रजीचा अर्धा धडा हाय."

आणि ते खरंच आहे. पुस्तकी मराठीला त्यासाठी "जाऊन आला आहे" असं लांबण लावावं लागतं. आमच्याकडे एका अक्षरात माणूस परत येतो.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण परीक्षेला बसणाऱ्या पोराला समज नको असते, किल्ली पाहिजे असते. मिनिटाच्या आत गोल काळा करायचा, पुढं पळायचं. म्हणून प्रफुल्लनं एक किल्लीही काढून दिली होती: सिन्स दिसला का बीन. वाक्यात सिन्स आलं की डोळे मिटून बीनवर खूण करायची. बहुतेक वेळा ती चालायची. ती नियम नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. पण पोट्ट्यांना ती एवढी आवडली की कोणीतरी जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली होती. वर येताना प्रत्येक जण ती वाचूनच यायचा. प्रफुल्लनं ती कधी पुसली नाही.

त्याची बायको छाया, सेलूची. बी.कॉम. झालेली, गणितात पक्की. एका सरकारी योजनेत ठेकेदारामार्फत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. योजना गुंडाळली, तशी तीही घरी आली. जिल्ह्यातल्या एका खात्यात लिपिकाच्या जागा निघाल्या तेव्हा ती सकाळचा स्वयंपाक उरकून नवऱ्याच्याच क्लासात मागच्या बाकावर बसू लागली. पोट्टे तिला मॅडम म्हणायचे आणि सरांनी तिला प्रश्न विचारला की टवकारून ऐकायचे. ती चुकली की प्रफुल्ल तिलाही सोडायचा नाही. एकदा तो म्हणाला, "घरी माह्यं ऐकत नाई, निदान येथी तरी ऐक." ती म्हणाली, "घरी तुमी बरोबर बोलले का ऐकीन." त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

गंमत वरवरची. त्या घरात परमनंट नोकरी कधी कोणाला लागली नव्हती. नत्थूला नाही, प्रफुल्लला नाही. क्लासच्या भरवशावर पोरीला, मयुरीला, पुढं शिकवता येणार नाही, हे दोघंही जाणून होते आणि बोलत नव्हते. छायाचा हा पेपर निघायलाच पाहिजे होता. प्रफुल्ललाही तेच पाहिजे होतं. रात्री पोरगी झोपली की तो छायाकडून लाय-ले, राइज-रेझ असल्या शब्दांच्या जोड्या घोकून घ्यायचा.

पेपरच्या दिवशी नत्थू पहिल्या गाडीनं नागपूरला गेला होता, डोळे दाखवायला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याची तपासणी. वर्ध्याच्या सेंटरवर छायाला क्लासातली काजल भेटली. एकीकडे चेकिंगची लाइन सरकत होती.

"मॅडम, मयुरीले सासऱ्यापाशी ठेवलं का वो?"

"नाई वो. बाबा सकाऊनपासून नागपूरले गेले हायेत. आईपाशी ठेवलं."

आणि आत गेल्यावर इंग्रजीच्या भागात नेमका प्रश्न आला. फादर, मग रिकामी जागा, मग टू नागपूर, सिन्स मॉर्निंग. खाली चार पर्याय. छायाला हसू आलं. आताच तर आपण हे वाक्य बोललो. सकाऊनपासून गेले हायेत. म्हातारा काही अजून आला नाही. गेला, गेलता नाही. तिनं हॅज गॉनचा गोल काळा केला आणि पुढं गेली.

बाहेर आल्यावर तिनं काजलला सांगितलं, "पेपरवाल्याले माह्या सासऱ्याची खबर कोनी देली?" दोघी हसल्या. काजलनं सरांच्या किल्लीप्रमाणं हॅज बीन केलं होतं. ती म्हणाली, "सिन्स होतं ना पन, मॅडम." छाया म्हणाली, "असन. मले तर बाबाच दिसले."

घरी येऊन तिनं तेच प्रफुल्लला सांगितलं. तो जेवत होता. त्याचा घास मधेच थांबला.

"टू होतं का इन होतं?"

"टू. काऊन?"

"काई नाई. झाला तो पेपर झाला."

तेव्हाच त्याला कळलं होतं. 

खात्यानं पहिली उत्तरं, म्हणजे 'आन्सर की', टाकली त्यात त्या प्रश्नाचं उत्तर हॅज गॉन होतं. छायानं आपले गुण जोडले. मागच्या भरतीत जिथं कटऑफची रेघ पडली होती, बरोबर तिथंच ती उभी होती. खाली नाही, फार वरही नाही. त्या घरात पहिल्यांदा कोणाच्यातरी उत्तराला सरकारनं बरोबर म्हटलं होतं. पंचफुलानं कणकेचा गोड शिरा केला. नत्थू हिरवा चष्मा लावून खाटेवर बसला होता. त्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे माह्या डोळ्यानं काम केलं म्हणा की."

दुसऱ्या दिवशी क्लासात मात्र वेगळंच शिजत होतं. धीरज नावाचा एक पोरगा पुढं बसायचा. बाप एस.टी.त कंडक्टर, पोरगा तीन-चार भरत्यांतून हात हलवत आलेला. प्रफुल्ल वर चढला तसा तो उभाच राहिला.

"सर, सिन्स दिसला का बीन. जिन्यात लिवून हाय. आमी सगळ्यायनं बीन केलं. की मध्ये गॉन आलं. आता सांगा, तुमचं खरं का त्यायचं?"

प्रफुल्लनं डस्टर हातात घेतलं, ठेवून दिलं. "पेपर काढणारा आपल्याच कडचा दिसते. त्याच्या तोंडात 'सकाऊनपासून गेला' बसलं होतं. ते त्यानं उचलून इंग्रजीत टाकलं."

"म्हणजे बीनच बरोबर ना?"

"नाई."

प्रफुल्ल टेबलाला टेकला.

"बीन टू म्हणजे गेलता. जाऊन आला. जो सकाऊनपासून नागपूरलेच हाय, तो आला कसा? आन गॉन म्हणजे गेला, निघाला. निघणं हे एका घडीचं काम. सकाऊनपासून दुपारलोक कोणी घराबाहेर निघतच राह्यते का? आपल्या बोलीत चालते. आपण 'सकाऊनपासून गेला' म्हणतो आन त्यात 'तेथी हाय' हे धरून घेतो. इंग्रजी धरून घेत नाई. तेथी बीन इन पाहिजे होतं. टूच्या जागी इन. प्रश्नच चुकला."

धीरजनं फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता. "मंग ते जिन्यातलं?"

"ते घाईच्या वेळेचं होतं."

"घाईतच पेपर देतो ना आमी, सर."

 मागून कोणीतरी म्हणालं, "ऑब्जेक्शन टाका. मुदत हाय अजून." हरकत टाकायची तर फी भरायची, पुस्तकाचा पुरावा जोडायचा आणि कारण इंग्रजीत लिहायचं. फी वर्गणीनं भरता आली असती. पुस्तक सरांपाशी होतं. इंग्रजी कोणापाशीच नव्हतं.

"सर, तुमीच लिहून द्या," धीरज म्हणाला. "बीन बरोबर हाय म्हणून लिहा."

"ते मी नाई लिहिणार. ते बरोबर नाई."

"मंग प्रश्न चुकला म्हणून लिहा. रद्द होईन. आमाले मार्क नाई भेटला तर नाई. ज्यायले फुकटात भेटला त्यायचा तरी जाईन. गॉन कोनी केलं बे आपल्यात?"

"छायामॅडमनं केलं," काजल म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिनं ओढणी तोंडावर धरली.

छाया त्या दिवशी क्लासात नव्हती. सगळ्यांची मान हळूहळू सरांकडे वळली.  मागच्या बाकावरून, कोणाच्या नावावर न जाता, एक वाक्य आलं, "मंग कायचं लिहितात सर."

त्या दिवशी प्रफुल्लनं शिकवलं नाही. बाकावर बसून पोट्ट्यांना जुने पेपर सोडवायला दिले आणि खिडकीतून रस्ता पाहत राहिला.

संध्याकाळी छाया ओसरीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, हा त्याचा जन्माचा दोष.

ती म्हणाली, "मंग? लिहून राह्यले का तुमी?"

"प्रश्न चुकलाच हाय, छाया."

"मले काय तो बरोबर वाटून राह्यला का? तुमी सांगितलं तवा कळलं. पन की मध्ये गॉन हाय. मी गॉन केलं. त्यायच्या मतानं मी बरोबर हावो."

"मी नाई लिहिलं तरी वर्ध्यातले क्लासवाले लिहितीनच. एवढी ढळढळीत चूक कोणी सोडणार हाय का?"

"मंग त्यायले लिहू द्या."

 नत्थू खाटेवरून म्हणाला, "माह्या जाण्यानं एवढा घोळ होते हे मालूम असतं, तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो बाप्पा." पंचफुला चुलीपासून न उठता म्हणाली, "बाबू, तोंड उघडाले फी लागते म्हणते. बंद ठेवाले काई लागते का?"

"पोट्टे म्हणतीन, बायकोसाठी गप बसला."

"म्हणतीन ना," छाया म्हणाली. "माह्यासाठी कवा बसले तुमी गप? एकदा बसा. म्हणू द्या लोकायले."

 सांबाराच्या काड्या एका बाजूला पडत होत्या, पानं दुसऱ्या. शेवटी तिनंच वाट काढली. तिचा आवाज खाली आला, जसा आपला दुकानदाराशी शेवटचा भाव करताना येतो.

"लिहाचंच असन तर लिहा. पन असं लिहा का त्यायनं वाचून फेकून द्यावं. कच्चं लिहा. तुमी लिहिलं हे पोट्ट्यायले दिसन, आन होणार काईच नाई. एवढं तर येते ना तुमाले?"

प्रफुल्लनं मान हलवली. खरंच हलवली. ही वाट त्याला पटली होती, असं त्यानं नंतर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आहे. जेवण झाल्यावर तो टेबलाशी बसला. ठरवून वाईट लिहायला बसला. पहिल्या वाक्यात क्रियापद चुकवलं. मग ते त्याला दिसत राहिलं, भातातल्या खड्यासारखं. त्यानं ते नीट केलं. दुसरं वाक्य लांबवून, पिळून, अर्थ लागणार नाही असं लिहिलं. वाचलं आणि कापलं. ज्या माणसानं सगळी हयात पोट्ट्यांच्या चुका लाल पेनानं काढल्या, त्याचा हात चुकीचं लिहायला वळेना. शेवटी चारच वाक्यं राहिली. गॉन का नाही, बीन का नाही, टू का चालत नाही, आणि म्हणून प्रश्न रद्द करावा. सोबत व्याकरणाच्या पुस्तकाचं पान. शेंबड्या पोरालाही कळावं असं स्वच्छ इंग्रजी. सगळे पेपर दिले तेव्हा असं एकदाही लिहायला मिळालं नव्हतं, कारण त्या पेपरांत लिहायचं नसतंच, नुसते गोल काळे करायचे असतात.

छायानं मागून येऊन वाचलं. तिचं इंग्रजी कच्चं होतं, पण एवढं कळण्याइतकं तिला त्यानंच शिकवलं होतं.

"हे कच्चं हाय?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. ती आत गेली.

सकाळी त्यानं तो कागद धीरजच्या हाती दिला. का दिला? मी पुष्कळांना विचारलं. कोणी म्हणतं, खरेपणा. कोणी म्हणतं, पोट्ट्यांची भीती, क्लास रिकामा होईल म्हणून. वायंडिंगवाला गुलाब म्हणतो, "चांगलं लिहिलं होतं म्हणून देलं. फाडाले जीव नाई झाला." मला गुलाबचं जास्त पटतं. धीरजनं मोबाइलवरूनच फोटो काढून हरकत टाकली. जिना उतरताना म्हणाला, "मानलं सर." त्यात मान किती आणि टोमणा किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग वाट पाहणं आलं. वाट पाहण्यात घर कसं चालतं ते ज्यानं पाहिलं त्याला ठाऊक. छाया बोलायची, पण कामापुरतं. "गॅस सरला." "मयुरीच्या शाळेत बोलावलं." जोड्या घोकणं बंद. मयुरीनं एकदा मधेच विचारलं, "बाबा, आज लाय-ले नाई का?" त्यावर दोघंही वेगवेगळ्या खोल्यांत गेले.

शेवटची उत्तरं आली. त्या प्रश्नापुढं रद्द असं लिहिलेलं होतं. ज्यांनी गॉन केलं होतं त्यांचा एक गुण गेला. बाकीच्यांचं काही गेलं नाही, आलंही नाही. यादी लागली तेव्हा छाया रेघेच्या खाली होती, प्रतीक्षेत. तिच्या पुढं सरकून रेघेच्या वर जी बसली ती काजल. धीरज वरही नव्हता, खालीही नव्हता, यादीतच नव्हता.

प्रफुल्लच्या कागदानंच ते झालं, की वर्ध्याच्या, नागपूरच्या कोणी आधीच हरकत टाकली होती, हे कोणालाच सांगता येत नाही. खातं सांगत नाही. छाया म्हणते, त्याच्याच कागदानं झालं.  प्रफुल्लला ती चार वाक्यं अजून पाठ आहेत.

काजल पेढे घेऊन घरी आली. तिला यायचं नव्हतं, तिच्या बापानं पाठवलं, सरांच्या पाया पडून ये म्हणून. पायऱ्यांशी उभी राहिली, डबा पुढं केला, डोळे कुठं ठेवावे ते तिला कळेना. छायानं एक पेढा घेतला, अर्धा मयुरीला दिला, अर्धा आपण खाल्ला.

"कोणतं ऑफिस भेटलं वो?"

"अजून नाई सांगितलं, मॅडम."

"वर्धाच माग. जाणं-येणं बरं पडते." मग तिनं पंचफुलाला हाक मारली, "आई, काजलले चहा टाका," आणि आत जाऊन पेटीतून आपले कपडे काढले. चार दिवसांनी सणावाराचं काही नसताना ती मयुरीला घेऊन सेलूच्या गाडीत बसली. भांडण नाही, रडणं नाही. जाताना नत्थूच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून गेली आणि दुपारचे कधी टाकायचे ते पंचफुलाला सांगून गेली.

नळावर बायका विचारायच्या. पंचफुला सांगायची, "छाया ना, माहेरी गेलती. पोरीले सुट्ट्या होत्या ना." गेलती. म्हणजे गेली, आली, झालं. घरात तर छाया नव्हती. पण म्हातारी तेच म्हणायची, आणि ऐकणारीलाही व्याकरण कळत असल्यानं ती पुढं काही विचारायची नाही.

क्लासात नवी बॅच भरली. कोणत्यातरी दुसऱ्या खात्याची जाहिरात होती. जिन्यातली ती ओळ प्रफुल्लनं ओल्या फडक्यानं पुसली होती. पण सिमेंट कच्चं, वाळलं की खडू पुन्हा धुरकट वर यायचा. त्यानं फळ्यावर गेला लिहिलं, गेलता लिहिलं. मामा नागपूरले गेला. मामा नागपूरले गेलता. नवे पोट्टे हसले. धीरज याही बॅचला होताच. त्यानं हात वर केला.

"सर, एक डाउट होता."

"बोल."

"छायामॅडम सेलूले गेल्या का गेलत्या?"

हसू फुटलं आणि अर्ध्यात विझलं. प्रफुल्लच्या पाठीवर त्या दिवशी नकाशा नव्हता. तो वर्गाकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "पुढचा प्रश्न घ्या." आणि कोणताच प्रश्न घेतला नाही.

रविवारी तो सेलूला गेला. सासऱ्यानं पाणी दिलं, हालहवाल विचारला, मग वावरात काम काढून निघून गेला. छाया अंगणात होती. मयुरीनं बापाच्या पिशवीत काय आहे ते पाहिलं आणि सोनपापडीचा डबा घेऊन पळाली.

"घरी चल," तो म्हणाला.

"येथूनच वर्ध्याच्या क्लासले जाऊन राह्यली मी. गाडी बरी पडते."

"कोणाच्या?"

तिनं नाव सांगितलं. हा माणूस मोठमोठे बॅनर लावतो, त्यावर पास झालेल्या पोरांचे फोटो. त्यातले काही प्रफुल्लकडून शिकून गेलेले.

"सिन्सचं कसं सांगते तो?"

"तसंच. सिन्स दिसला का बीन." ती थोडी हसली, पण ते त्याच्यासाठी नव्हतं. "तुमचीच किल्ली हाय. कोनीतरी नेली."

"छाया, मी चूक लिहिलं नाई."

"मले ठाऊक हाय. म्हणूनच तर भांडता येत नाई तुमच्याशी. चुकीचं लिहिलं असतं तर दोन शिव्या देऊन आली असती मी घरी. बरोबर माणसाशी काय भांडाचं? त्याच्याजवळ राह्याचं कसं, ते सांगा."

तो उंबऱ्यावर बसून राहिला. कोंबड्या फिरत होत्या. तिनं चहा आणला, चांगला केला होता, आलं घातलेला. तो प्यायला. पुढची जाहिरात कधी आहे, फॉर्म कुठून भरणार, एवढं बोलणं झालं. मयुरीच्या शाळेचं तिनं इथंच पाहून ठेवलं होतं. गाडीची वेळ झाली तशी तीच म्हणाली, "निघा, नाईतर मंग थेट अंधारात."

देवळीला उतरून तो घरी आला तेव्हा पंचफुला दारातच होती. तिनं त्याच्या मागं रस्ता पाहिला, लांबवर पाहिला.

"गेलता का सेलूले?"

"गेलतो."

"मंग, छाया?"

प्रफुल्लनं चप्पल काढली. खुंटीला पिशवी लावली. नत्थू आतून खाकरला, म्हणजे तोही ऐकत होता.

"छाया गेली, माय," तो म्हणाला. "नळावर आता तसंच सांगत जाजो."

म्हातारीला एका अक्षराचा फरक कोणी शिकवायची गरज नव्हती. ती आत गेली आणि थाळ्या मांडल्या, तीनच.